सायबर हल्ल्याची भीती दाखवून पहारा वाढवतायत का? (जरा लांबलचक धागा)

गंगापूररोडी
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळत होतं, आज धागा काढतोच. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये परवा ठराव आला, की येणाऱ्या-जाणाऱ्याचा फोटो, मोबाईल, गाडीचा नंबर सगळं एका ॲपमध्ये घ्यायचं आणि गेटच्या कॅमेऱ्याचं फुटेज पोलिसांना थेट बघता येईल अशी सोय करायची. कारण काय, तर "सायबर गुन्हे किती वाढलेत बघताय ना, त्यात नाशिकचा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर". म्हटलं अहो सायबर गुन्हा करणारा गेटवर वॉचमनच्या वहीत सही करून वर येतो का? सगळे हसले आणि ठराव पास झाला.

सोसायटीचं सोडा. २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार खात्याने काढलेला आदेश आठवतोय का, की प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी हे सरकारी ॲप आधीच टाकलेलं पाहिजे, कंपन्यांना ९० दिवस मुदत, आणि ॲपच्या सोयी बंद करता येणार नाहीत? कारण तेच, टेलिकॉम सायबर सुरक्षा. बोंबाबोंब झाल्यावर मंत्री म्हणाले नको असेल तर डिलीट करा, आणि ३ डिसेंबरला सक्ती मागेच घेतली. ॲप वाईट नाही हो, हरवलेला फोन ब्लॉक करायला मीच वापरलंय. पण जी गोष्ट पाच-सहा दिवसांत मागे घेता येते ती सुरक्षेसाठी एवढी अत्यावश्यक होती का हा प्रश्न तेव्हापासून जात नाहीये.

मी षडयंत्रवाला माणूस नाही. "जागतिक सायबर महामारी येणार, बँका बंद पडणार, मग सगळ्यांना डिजिटल आयडी घ्यायला लावणार" असले फॉरवर्ड मी पूर्ण न वाचताच उडवतो. हल्ले होतात हे मान्यच आहे. मला एवढंच विचारायचंय की प्रत्येक हल्ल्यानंतर जे नवे अधिकार मागितले जातात त्यांचा त्या हल्ल्याशी संबंध असतो का? ज्यांना यातलं कळतं त्यांनी लिहा. राजकीय पक्षांची धुणी इथं धुऊ नका, विनंती.

भद्रकालीचा_भोपळा
जागा पकडून ठेवतो. धागा शंभरी मारणार.

कॉलेजरोडची_काकू
गंगापूररोडी, तुमचा रोख कळला पण मला पटला नाही. आमच्या शेजारच्या आजोबांना दोन दिवस व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवलं होतं, डिजिटल अरेस्ट म्हणे, समोर खाकी कपडे, मागे अशोकस्तंभ. मुलगी पुण्याहून आली तेव्हा सुटका, तोवर एफडी मोडून झाली होती. २०२४ या एका वर्षात देशात लोकांचे २२,८४५ कोटी सायबर फसवणुकीत गेलेत, संसदेत सांगितलेला आकडा आहे हा, आदल्या वर्षी साडेसात हजार कोटींच्या आत होता. पंतप्रधानांना मन की बात मध्ये 'रुको, सोचो, ॲक्शन लो' सांगावं लागलं ते उगीच का? ज्यांच्या घरात हे झालेलं नाही त्यांनाच प्रायव्हसी सुचते असं माझं स्पष्ट मत. उद्या तुमचे पैसे गेले की पहिला फोन १९३० या सायबर हेल्पलाइनला तुम्हीच लावाल.

गंगापूररोडी
काकू, आजोबांचं वाचून वाईट वाटलं. फोन तर लावीनच. पण आजोबांना फसवणाऱ्याकडे त्यांचं नाव, पत्ता, आधारचे आकडे आले कुठून, हा प्रश्न तुम्हाला पडला नाही का?

अंबड_एमआयडीसी
दिवसभर कंपनीचं नेटवर्क सांभाळतो त्यामुळे मोठा प्रतिसाद होणार, सांभाळून घ्या.

आधी आकड्यांबद्दल. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर महाराष्ट्र सायबरचा (राज्याच्या सायबर पोलिसांचा) अहवाल आला होता, १५ लाखांवर सायबर हल्ले झाले आणि त्यातले फक्त १५० यशस्वी. सगळ्या पेपरात पहिल्या पानावर. आता ज्याने कधी सर्व्हर उघड्या इंटरनेटवर ठेवलाय त्याला विचारा. काहीही न करता, युद्ध नसताना, कोणी ना कोणी बॉट येऊन दारं खडखडवून जातो, ॲडमिन ॲडमिन पासवर्ड मारून बघतो, पोर्ट स्कॅन करतो. आमच्या नट-बोल्ट बनवणाऱ्या कंपनीच्या फायरवॉलचा लॉग काढला तरी छातीत धडकी भरेल असा आकडा निघतो. यातल्या कशाला हल्ला म्हणायचं आणि कशाला नाही हे ठरवल्याशिवाय १५ लाखाला काडीचा अर्थ नाही. जे १५० यशस्वी झाले ते नेमके कुठे, काय बिघडलं, कोणाचा डेटा गेला, खरी बातमी ती होती, ती मला तरी कुठं सविस्तर दिसली नाही.

आणि त्याच आठवड्यात काय काय झालं आठवा. 'डान्स ऑफ द हिलरी' नावाचा व्हायरस येतोय म्हणून आमच्या एचआरने अख्ख्या कंपनीला मेल टाकला, मी सांगून थकलो अहो असं काही नसतं. एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार असा मेसेज फिरला, तो खोटा आहे हे सरकारच्या पीआयबीला सांगावं लागलं. युद्धाच्या तयारीच्या मॉक ड्रिलच्या यादीत नाशिक, सिन्नर, मनमाड होतंच, त्यामुळे लोक आधीच टेन्शनमध्ये. त्याच वेळी ८ मे ला एक्स कंपनीने जाहीर केलं की भारत सरकारने ८००० पेक्षा जास्त खाती बंद करायला सांगितलीत आणि बऱ्याच खात्यांबाबत नेमकी कुठली पोस्ट बेकायदा तेच सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी द वायर ही न्यूज साईट ब्लॉक. युद्धकाळात काही गोष्टी बंद करायला लागतात, कबूल, पण त्या ८००० मध्ये शत्रूची किती आणि आपलीच किती?

आता एम्स. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सचे पाच सर्व्हर रॅन्समवेअरने (डेटाला कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) बसले, अंदाजे १.३ टीबी डेटा एनक्रिप्ट झाला, लोकं परत कागदावर केसपेपर लिहायला लागली. सरकारने संसदेत कारण सांगितलं ते असं, की नेटवर्कची नीट विभागणी केलेली नव्हती त्यामुळे कोणीतरी अनधिकृतपणे आत शिरलं. म्हणजे आमच्या भाषेत सगळं एकाच सपाट नेटवर्कवर, एक मशीन पडलं की सगळी रांग पडते. याला इलाज काय? नेटवर्क तोडा, बॅकअप वेगळा ठेवा, जुनी विंडोज काढा, ॲडमिनला पगार द्या. कंटाळवाणं काम आहे, कोणी फीत कापायला येत नाही.

त्याच वर्षी २८ एप्रिलला सर्ट-इनने, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, जे निर्देश काढले ते वाचा. कुठलीही घटना ६ तासांत कळवा, लॉग १८० दिवस ठेवा, इथपर्यंत माझ्यासारख्याला ठीक वाटतं, लॉग तर पाहिजेतच. पण त्यातच व्हीपीएनवाल्यांनी (नेटवर ग्राहकाची ओळख झाकणाऱ्या कंपन्यांनी) प्रत्येक ग्राहकाचं नाव, पत्ता, आयपी, वापराचं कारण ५ वर्षं जपून ठेवायचं असंही होतं. एक्सप्रेस, सर्फशार्क, नॉर्ड या तिघांनीही आपले सर्व्हर भारतातून हलवले. व्हीपीएन ग्राहकाचा पत्ता लिहून ठेवल्याने एम्सचं सपाट नेटवर्क कसं वाचलं असतं ते मला कोणीतरी समजावून सांगा, मी चहा पाजतो.

निवृत्त_वायरमन
अंबडवाले, चांगलं लिहिलंत. मी नोकरीभर ट्रान्समिशनमध्ये होतो, एकलहऱ्याच्या आसपास बराच काळ गेला, म्हणून १२ ऑक्टोबर २०२० च्या मुंबईच्या अंधाराबद्दल लिहितो. लोकल बंद, हॉस्पिटलं जनरेटरवर, कोविड चालू. त्या दिवशी एक लाईन आधीच कामासाठी बंद होती, राहिलेल्यांवर लोड आला, एकामागून एक ट्रिप झाल्या, आणि मुंबईला बाकी ग्रीडपासून तोडून वेगळं चालू ठेवायची जी आयलंडिंगची सोय असते ती ऐनवेळी चालली नाही. आमच्यातल्या कोणालाही विचारा, पहिला संशय मेंटेनन्सवरच जातो.

पुढे मार्च २०२१ उजाडता उजाडता अमेरिकेतल्या रेकॉर्डेड फ्युचर कंपनीचा अहवाल आला की चिनी गट आपल्या वीज केंद्रांच्या नेटवर्कमध्ये डोकावतायत. लगेच आपले तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख महाराष्ट्र सायबरच्या अहवालाचा हवाला देऊन म्हणाले, घातपाताची शक्यता आहे, सिस्टीममध्ये मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) सापडलं. आणि केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, मानवी चूक होती, सायबर हल्ल्याचा पुरावा नाही. एक राज्याचं सरकार, एक केंद्राचं, एकच अंधार आणि दोन कारणं! बरं ज्या अहवालावरून गदारोळ झाला त्या कंपनीने स्वतःच लिहिलं होतं की मालवेअरचा आणि अंधाराचा संबंध सिद्ध झालेला नाही.

मला यात पक्ष दिसत नाही, सोय दिसते. हल्ला म्हटलं की मेंटेनन्सचं कोणी विचारत नाही आणि मानवी चूक म्हटलं की हेरगिरीचं कोणी विचारत नाही. लाईनवर काम करणारी माणसं किती कमी झालीत हे मात्र दोघांनीही काढलं नाही.

भद्रकालीचा_भोपळा
म्हणजे गुन्हेगार एक तर चीन नाहीतर वायरमन. साहेब कधीच नाही 😂

सत्य_शोधतो
तुम्ही सगळे मुद्द्याच्या जवळ येऊन परत फिरताय. जागतिक आर्थिक मंचाने २०२० आणि २०२१ मध्ये सायबर पॉलिगॉन नावाचा सराव उगाच घेतला का?? मंचाचे संस्थापक क्लाऊस श्वाब स्वतः म्हणालेत की मोठ्या सायबर हल्ल्यापुढे कोविड किरकोळ वाटेल. आधी सराव मग घटना मग कायदा. २०२४ च्या जुलैत सगळ्या जगाची विमानं एकाच दिवशी थांबली तो ट्रेलर होता. जागे व्हा.

अंबड_एमआयडीसी
सत्य_शोधतो, मनमाडला मॉक ड्रिल झालं म्हणून युद्ध मनमाडकरांनी लावलं का? सराव सगळेच घेतात. एस्टोनियावर २००७ मध्ये हल्ला झाला, बँका-पेपरांच्या साईट कितीतरी दिवस आडव्या झाल्या, २०१० पासून नाटोवाले तिथेच टॅलिनमध्ये जवळपास दरवर्षी मोठा सराव घेतात. तुमच्या हिशोबाने आतापर्यंत जग निदान पंधरा वेळा बुडायला पाहिजे होतं.

आणि १९ जुलै २०२४ चा तुमचा ट्रेलर. तो हल्लाच नव्हता. क्राउडस्ट्राईक या सुरक्षा कंपनीनेच खराब अपडेट सोडला आणि जवळपास ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर गेली, इंडिगोने हाताने बोर्डिंग पास लिहून दिले. मी त्या दिवशी रात्री उशिरापर्यंत एकेका मशीनपाशी बसून फाईल डिलीट करत होतो. माझ्या मते हे तुमच्या षडयंत्रापेक्षा जास्त भीतीदायक आहे. सुरक्षेच्या नावाखाली ज्याला मशीनच्या अगदी पोटातला ताबा दिला त्याच्याच एका चुकीने सगळं बसलं. ताबा जेवढा एका जागी तेवढा एक धक्का पुरतो. सक्तीचं सरकारी ॲप प्रत्येक फोनात म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला तो सरकार वाईट म्हणून नाही, उद्या त्या एका ॲपमध्येच भोक सापडलं तर काय म्हणून.

लाल_कांदा
राम राम मंडळी. मी पिंपळगावकडचा, कांद्याचा धंदा, थोडी द्राक्ष पण करतो सीझनला. तुम्ही मोठमोठं बोलताय मी माझं सांगतो.

सायबर हल्ला काय असतो ते आम्ही २०१७ ला बघितलं. जूनच्या शेवटी नॉटपेट्या का काय ते आलं, सुरू झालं युक्रेनच्या कुठल्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून आणि बसलं कोण तर मर्स्क जहाज कंपनी, त्यांचं जेएनपीटी बंदराला टर्मिनल आहे ते पार बंद पडलं. गेटवर ट्रेलरच्या रांगा, कुठला कंटेनर कुठे ठेवलाय कोणालाच माहिती नाही, हाताने लिहून काम. कांदा वाट बघत नाही हो, पावसाळ्यात कंटेनरमध्ये बंद राहिला की पाणी सुटतं त्याला. म्हणून काकू म्हणतात ते खरंय, भीती खोटी नाही.

पण दुसरी बाजू ऐका. मागच्या वर्षी माझं करंट अकाउंट एकाएकी फ्रीज. बँकेत गेलो तर सायबरकडून आलंय एवढंच सांगतात. कुठल्या सायबरकडून, तर तिकडं लांबच्या राज्यातलं पोलीस स्टेशन, मी आयुष्यात तिकडं गेलो नाही. खूप विनवण्या केल्यावर कळलं की एका व्यापाऱ्याने मला मालाचे पैसे पाठवले, त्याला कोणीतरी पाठवले होते, त्याला अजून कोणीतरी, आणि त्यातले काही हजार कोणाच्या तरी फसवणुकीतले. याला लेयर म्हणतात म्हणे. काही हजारासाठी अख्खं खातं बंद, ऐन खरेदीच्या टायमाला, शेतकऱ्याला चोवीस तासात पैसे द्यावे लागतात मार्केटला, मी कुठून देऊ? बिलं, हिशोबपट्टी, जीएसटी सगळं मेल केलं तर उत्तर नाही, फोन लावला तर साहेब बंदोबस्तात. भावाच्या खात्यातून फिरवाफिरव करून सीझन काढला. मी चोर नाही हे मलाच सिद्ध करायचं आणि ते कोणापुढे हे पण कोणी सांगत नाही.

कॉलेजरोडची_काकू
लाल_कांदा, तुमचा त्रास मी समजू शकते, मी स्वतः बँकेत होते. पण पैसे पहिल्या तासा-दोन तासांत अडवले नाहीत तर परत मिळत नाहीत हेही खरं आहे. आजोबांचे थोडे तरी वाचले ते अशाच कुणाचं तरी खातं फ्रीज झालं म्हणून. भाडोत्री खाती देणारे किती आहेत तुम्हाला कल्पना नाही, कॉलेजची पोरं पाच-दहा हजारांसाठी पासबुक, सिम आणि एटीएम कार्ड देऊन मोकळी होतात.

काळा_कोट
काकू आणि लाल_कांदा दोघांचंही बरोबर आहे, आणि यावर तोडगा कोर्टाने दिलेला आहे. केरळ हायकोर्टाने २०२३ मध्ये सांगितलं की वादातली जेवढी रक्कम कळवली आहे तेवढीच अडवा, अख्खं खातं नाही. पैसे अडवण्याची गती तीच राहते आणि धंदाही मरत नाही. तरी शाखेत बसलेला माणूस पूर्ण खातं गोठवतो कारण त्यात त्याला धोका नाही, जास्त गोठवलं म्हणून त्याला कोणी विचारत नाही, कमी गोठवलं तर विचारतील. वकिलाची नोटीस पाठवा, बऱ्याचदा तेवढ्याने हलतात.

आता धाग्याच्या मूळ प्रश्नावर. गंगापूररोडी, तुम्ही म्हणताय ते नवीन नाही. आयटी कायद्याची दुरुस्ती डिसेंबर २००६ पासून संसदेत पडून होती. २६/११ झालं, आणि २२ डिसेंबर २००८ ला लोकसभेत, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत मंजूर, चर्चा जवळजवळ नाहीच. सगळा देश हादरलेला होता, विरोध करणार कोण? त्यात सायबर दहशतवादाचं कलम ६६एफ आलं, ते हवंच होतं. पण त्याच गाडीत बसून ६६ए पण आलं, ऑनलाईन त्रासदायक काही लिहिलं तर तीन वर्षं. त्याचा दहशतवादाशी काय संबंध? २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्टवरून अटक झाली, एकीने मुंबई बंदबद्दल लिहिलं आणि दुसरीने ते नुसतं लाईक केलं. २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने ६६ए रद्द केलं. आणि कहर म्हणजे रद्द झाल्यावरही पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवतच राहिले, २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टालाच हे धक्कादायक आहे म्हणावं लागलं. म्हणजे घाईत आलेलं कलम काढायला सहा-सात वर्षं, आणि काढल्यावरही ते ठाण्याच्या रजिस्टरमधून जात नाही.

त्यामुळे मी अशिलांना एक साधी परीक्षा सांगतो. नवा अधिकार मागताना जी घटना पुढे केली जाते, तो अधिकार आधीपासून असता तर ती घटना टळली असती का? कॉसमॉस बँक घ्या, पुण्याची, ऑगस्ट २०१८, ९४ कोटी गेले, त्यातले बहुतेक २८ देशांतल्या एटीएममधून काढले. तिथे एटीएमच्या स्विचमध्ये, म्हणजे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेत, मालवेअर शिरलं होतं. बँकांनी स्विच जपावा असा कडक नियम आणा, मी पहिला पाठिंबा देईन. ते दाखवून सामान्य माणसाच्या चॅटवर नियम आणलात तर मी विचारणार.

नाशिकरोड_वासी
सगळं वाचलं. इथे दोन छापखाने आहेत, नोटांचा आणि सिक्युरिटी प्रेसचा, ओझरला एचएएल, देवळालीला तोफखाना. शत्रूच्या यादीत आपलं शहर वर असणारच. त्यात सिंहस्थाला कोट्यवधी लोक येणार. २७ ऑगस्ट २००३ ला पंचवटीत चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली तेव्हा मी रामकुंडापासून लांब नव्हतो. तेव्हा वरून बघणारा एक डोळा असता, मागून येणारी गर्दी थांबवली असती तर? कॅमेरे, एआय, काय लावायचं ते लावा, मला हरकत नाही. प्रायव्हसीवाल्यांनी त्या दिवशीच्या चपलांचा ढीग बघायला हवा होता.

गंगापूररोडी
वासी, २००३ चा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि काळा_कोट यांच्या परीक्षेत तो पास होतो. गर्दी मोजणारा कॅमेरा असता तर कदाचित ३९ जीव वाचले असते. पण गर्दी मोजायला माणसाचा चेहरा ओळखून त्याचं नाव कशाला लागतं? डोकी मोजा की. आणि सिंहस्थ संपल्यावर कॅमेऱ्यांचं काय? साधू आपापल्या आखाड्यात परत जातील, खांबावरचा कॅमेरा माझ्याच गल्लीकडे बघत राहणार.

अंबड_एमआयडीसी
+१. आणि तो कॅमेरा बसवणारा ठेकेदार पासवर्ड बदलणार नाही हे मी बॉण्डपेपरवर लिहून देतो.

एक राहिलंच. अमेरिकेचं उदाहरण दिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचे संरक्षणमंत्री लिऑन पनेटा न्यूयॉर्कमध्ये म्हणाले, सायबर पर्ल हार्बर होऊ शकतं, कायदे करा. पुढच्याच जूनमध्ये स्नोडेनने फोडलेली कागदपत्रं बाहेर आली, त्यांची एनएसए ही गुप्तहेर संस्था आधीच कोट्यवधी लोकांच्या फोन कॉलच्या नोंदी गोळा करत बसलेली. त्याच एनएसएला विंडोजमधलं एक भोक सापडलं होतं. मायक्रोसॉफ्टला सांगण्याऐवजी त्यांनी ते कित्येक वर्षं स्वतःच्या हत्यारासाठी लपवून ठेवलं, इटर्नलब्लू नाव त्याचं. मग एनएसएचीच हत्यारं चोरीला गेली, २०१७ च्या एप्रिलमध्ये शॅडो ब्रोकर्स नावाच्या टोळीने हे नेटवर टाकलं, आणि मे महिन्यात वॉनाक्राय हे रॅन्समवेअर. इंग्लंडची हॉस्पिटलं बंद, आपल्याकडे आंध्र पोलिसांचे कॉम्प्युटर बसले. जूनमध्ये नॉटपेट्या, त्यातही तेच भोक वापरलं होतं. लाल_कांदा, तुमचे कंटेनर अडवणारं हत्यार युक्रेनमध्ये कोणी का सोडेना, त्यातला एक भाग अमेरिकेच्या सुरक्षा खात्यात घडवलेला होता.

लाल_कांदा
काय सांगता! म्हणजे राखणदारानेच शिडी करून ठेवली होती.

कॉलेजरोडची_काकू
हे मला खरंच माहिती नव्हतं. पण आपल्याकडे तसं काही झालंय का? अमेरिकेचं अमेरिकेपाशी.

काळा_कोट
काकू, आपल्याकडचं सांगतो, आणि मघाशी गंगापूररोडींनी विचारलेलं, आजोबांचा डेटा गेला कुठून, त्याचंही थोडं उत्तर यात आहे. जानेवारी २०१८ मध्ये ट्रिब्यून पेपरने दाखवलं की ५०० रुपयांत आधारच्या माहितीत डोकावता येतं. आधार चालवणाऱ्या यूआयडीएआयने काय केलं? गुन्हा नोंदवला, त्यात बातमी देणाऱ्या पत्रकाराचंच नाव. जून २०२३ मध्ये टेलिग्रामच्या एका बॉटवर फोन नंबर टाकला की कोविन या लसनोंदणीच्या पोर्टलमधला आधार नंबर, जन्मसाल, लस कुठे घेतली सगळं येत होतं. आरोग्य मंत्रालयाने या बातम्या निराधार आणि खोडसाळ ठरवल्या. कुडनकुलमच्या अणुवीज केंद्राचं तर २०१९ मध्ये, आधी म्हणाले हल्ला शक्यच नाही, दुसऱ्या दिवशी ते चालवणाऱ्या एनपीसीआयएलने मान्य केलं की प्रशासकीय कामाच्या एका कॉम्प्युटरमध्ये मालवेअर सापडलं होतं.

म्हणजे आपला डेटा त्यांच्याकडून गेला तर बातमी खोडसाळ, आणि अधिकार हवे असतील तेव्हा हल्ला भीषण. पेगासस हे फोनमध्ये शिरणारं हेरगिरीचं सॉफ्टवेअर घ्या, सुप्रीम कोर्टाच्या समितीने २९ फोन तपासले, ५ मध्ये मालवेअर सापडलं, ते पेगाससच आहे असं नक्की म्हणता आलं नाही, आणि सरकारने सहकार्य केलं नाही हे सरन्यायाधीशांनी २०२२ मध्ये भर कोर्टात सांगितलं. ज्या सर्ट-इनला तुमच्या कंपनीने ६ तासांत सगळं कळवायचं ती संस्था नोव्हेंबर २०२३ पासून माहिती अधिकारातून वगळलेली आहे, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचा भंग एवढे दोन अपवाद सोडून. वर्षभरात किती घटना कळवल्या गेल्या, किती सरकारी होत्या, पुढे काय झालं, ते जेवढं सांगतील तेवढंच. माझा आक्षेप तिथे आहे. अधिकार हवेत ना, घ्या, पण नंतर हिशोब द्या. खालून वर सहा तासांत जायला पाहिजे आणि वरून खाली कधीच नाही, हा व्यवहार एकतर्फी झाला.

सत्य_शोधतो
मी हेच म्हणत होतो.

भद्रकालीचा_भोपळा
नाही, तू ट्रेलर म्हणत होतास.

नाशिकरोड_वासी
काळा_कोट, हिशोबाचा मुद्दा पटला. मी कॅमेऱ्यांच्या बाजूचाच आहे अजून, पण फुटेज किती दिवस ठेवणार आणि कोण बघणार हे लेखी असायला हरकत काय? आमच्या प्रेसमध्ये आत-बाहेर करताना अंगझडती व्हायची, सगळ्यांची, साहेबाची पण, आणि नियम लिहिलेला असायचा. म्हणून कधी अपमान वाटला नाही.

गंगापूररोडी
वासी, मग आपण दोघं मिळून विचारूया का? सिंहस्थाच्या कॅमेऱ्यांबद्दल माहिती अधिकार टाकतो. प्रश्न असे सुचतायत, बघा:
चेहरा ओळखण्याची सोय आहे का? फुटेज किती दिवस ठेवणार? ते कोणकोणत्या खात्यांना दिसणार? सिंहस्थानंतर कॅमेरे काढणार का आणि नसतील काढणार तर का नाही? खाजगी सोसायट्यांचे कॅमेरे जोडून घ्यायला कुठला आदेश आहे? आणि या सगळ्या सिस्टीमचं सुरक्षा ऑडिट कोणी केलं?

अंबड_एमआयडीसी
ऑडिटची तारीख पण मागा. आणि डेटा ठेकेदाराच्या सर्व्हरवर आहे की सरकारच्या ते विचारा, कराराची प्रत मागितलीत की कळेल.

कॉलेजरोडची_काकू
माझंही एक घाला, १९३० वर नाशिक शहरातून वर्षभरात किती तक्रारी गेल्या आणि किती पैसे परत मिळाले. नुसती खाती गोठवतात की खरंच परत देतात ते तरी कळू दे.

काळा_कोट
काकूंचा प्रश्न चांगलाय पण वेगळ्या अर्जात टाका. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, नाहीतर त्याच कारणाने परत पाठवतात. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवा. आणि गंगापूररोडी, "का नाही" वाला प्रश्न काढून टाका, मत मागितलंय म्हणून फेटाळतील. त्याऐवजी सिंहस्थानंतर कॅमेऱ्यांचं काय करायचं याबाबतच्या निर्णयाची, टिपणीची आणि पत्रव्यवहाराची प्रत द्या, असं लिहा. असा कागद नसेल तर नाही म्हणून लेखी द्यावं लागतं, मग अपिलात बोलायला काहीतरी हातात येतं.

लाल_कांदा
काळा_कोट साहेब, त्या केरळच्या निकालाचा नंबर मेसेज करा ना. उद्या बँकेत जातोय.